किती घोडे लागतात? हेन्री रॉइस यांचं चरित्र

शुक्रवारची सकाळ आहे असं समजा. तुम्ही आई-बाबांबरोबर फहाहीलहून कुवेत सिटीकडे निघाला आहात. रस्ता सरळ, रुंद आणि सपाट. कडेला पाटी आहे: १२०. थोडं पुढे कॅमेरा आहे, हे बाबांना पाठ आहे. शेजारच्या लेनमधून एक पांढरी लँड क्रूझर जाते. तिच्या इंजिनाची ताकद ४०९ अश्वशक्ती आहे. तुमची गाडी साधी कॅमरी असेल तर तिची २०० च्या थोडी वर. कॅमेऱ्यासमोर मात्र दोघी सारख्याच, १२० च्या आत.

अश्वशक्ती म्हणजे हॉर्सपॉवर. इंजिन किती घोड्यांचं काम करतं, ते सांगणारा आकडा. ७५ किलोचं पोतं एका सेकंदात एक मीटर वर उचलायला साधारण एक अश्वशक्ती लागते. वाफेच्या इंजिनांसाठी प्रसिद्ध असलेल्या जेम्स वॉट यांनी हे माप रूढ केलं, कारण त्या काळी गिऱ्हाइकाला घोडे कळत होते, इंजिन कळत नव्हतं. म्हणजे हा आकडा जन्मापासूनच दुकानदारीचा आहे, हे लक्षात ठेवा.

आता प्रश्न असा की रोजच्या वापरातल्या महागड्या, आरामशीर गाडीला आणखी घोडे लागतात का? दरवर्षी नवं मॉडेल येतं आणि आकडा वाढतो. ४०० होते, ५०० झाले. हे कशासाठी? या प्रश्नाकडे आपण एका माणसाच्या आयुष्यातून पाहणार आहोत. जगातली सगळ्यांत नावाजलेली आरामगाडी त्याने बनवली, पण घोड्यांचा आकडा त्याच्या दृष्टीने शेवटी यायचा.

फ्रेडरिक हेन्री रॉइस २७ मार्च १८६३ रोजी इंग्लंडमधल्या ॲल्वल्टन या खेड्यात जन्मला. पाच भावंडांत सगळ्यांत धाकटा. वडील पिठाची गिरणी चालवत. धंदा बुडाला, घर लंडनला आलं आणि हेन्री नऊ वर्षांचा असताना वडील वारले. मग शाळा कसली? त्याला मिळालेलं शिक्षण जेमतेम वर्षभराचं होतं. पोरगा वर्तमानपत्रं विकू लागला, पुढे तारा पोचवू लागला. (तार म्हणजे टेलिग्राम. तुमच्या आजी-आजोबांना विचारा, ते सांगतील.)

पंधराव्या वर्षी एक मावशी पुढे आली. तिने पैसे भरले आणि हेन्रीला पीटरबरोच्या रेल्वे कारखान्यात उमेदवार म्हणून चिकटवलं. उमेदवारी म्हणजे काम करत करत काम शिकणं. तीन वर्षांनी मावशीचे पैसे संपले आणि उमेदवारी अर्धवट सुटली. त्याच्याकडे ना प्रमाणपत्र ना ओळख. पण कानस कशी धरायची, धातू कुठे कच्चा आहे हे बोटांनी कसं ओळखायचं, एवढं तो शिकला होता. पुढे काही दिवस अवजारांच्या कारखान्यात आणि मग विजेच्या कंपनीत त्याने नोकरी केली. वीज तेव्हा अगदी नवी होती.

१८८४ साली रॉइस यांनी मँचेस्टरमध्ये स्वतःचा कारखाना काढला. (आता ते मोठे झाले, तेव्हा आपणही त्यांना मान देऊ.) त्यांच्याजवळ २० पौंड होते आणि भागीदार अर्नेस्ट क्लेअरमाँट यांचे ५० पौंड. दोघं कारखान्याच्या वरच्या खोलीत राहत. आधी दारावरच्या विजेच्या घंट्या आणि दिव्यांचं सामान, नंतर डायनॅमो, मग विजेवर चालणाऱ्या क्रेन. या क्रेन महाग असत पण वर्षानुवर्षं बिघडत नसत. रॉइस जेवण विसरून काम करायचे. कारखान्यातला एक पोऱ्या दुधाचा पेला घेऊन त्यांच्या मागे फिरायचा, असं सांगतात. ही सवय पुढे त्यांना फार महागात पडली.

चाळिशीच्या उंबरठ्यावर त्यांनी एक जुनी फ्रेंच मोटार घेतली. डेकोव्हिल नावाची, दोन सिलिंडरची, १० अश्वशक्तीची. गाडी आवाज करायची, थरथरायची, सुरू व्हायला रुसायची. दुसऱ्या कुणी ती विकून मोठ्या इंजिनाची घेतली असती. रॉइस यांनी ती सुटी केली आणि एकेक भाग तपासला. आधी तीच सुधारली, आणि मग ठरवलं की आपणच गाडी बनवायची.

इथे जरा थांबा. त्यांनी बनवलेली गाडीसुद्धा दोन सिलिंडरची आणि १० अश्वशक्तीचीच होती. घोडे एकानेही वाढवले नाहीत! वाढवलं ते काम. दाते नीट बसवले, जोड पक्के केले, ठिणगी वेळेवर पडेल अशी व्यवस्था केली. १ एप्रिल १९०४ रोजी ही गाडी रस्त्यावर आली.

त्याच सुमारास लंडनमध्ये चार्ल्स रोल्स नावाचा एक तरुण परदेशी मोटारी विकत होता. मोठ्या घरचा, केंब्रिजला शिकलेला, वेगाचं वेड असलेला. तो विकत असलेल्या गाड्यांत बेल्जियमची मिनर्व्हाही होती. हे नाव कुवेतमध्ये राहणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं, कारण कुवेतमध्ये आलेली पहिली मोटार मिनर्व्हाच होती. शेख मुबारक अल-सबाह यांच्यासाठी ती पहिल्या महायुद्धाच्या थोडी आधी इथे आली. त्या वेळी इथे डांबरी रस्ते नव्हते. होती ती वाळू, मातीच्या भिंतींचं गाव आणि मोती काढणाऱ्यांच्या होड्या.

तर रोल्स यांना दोन सिलिंडरच्या गाड्या मुळीच आवडत नसत, त्या थरथरतात म्हणून. एका मित्राने फार आग्रह केला, म्हणून ४ मे १९०४ रोजी ते मँचेस्टरला आले आणि मिडलँड हॉटेलमध्ये रॉइस यांना भेटले. मग ते त्या छोट्या गाडीत बसले. ती थरथरत नव्हती. रॉइस जेवढ्या गाड्या बनवतील तेवढ्या सगळ्या आपण विकायच्या, असं रोल्स यांनी ठरवलं. नाव ठरलं रोल्स-रॉइस. एक तारा पोचवणारा पोरगा आणि एक उमरावाचा मुलगा, आणि दोघांना जोडलं ते १० घोड्यांच्या एका शांत गाडीने.

पुढची गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते, आणि आपल्या प्रश्नासाठी तीच सगळ्यांत गमतीची आहे. तेव्हा इंग्लंडमध्ये वेगमर्यादा ताशी २० मैल, म्हणजे ३२ किलोमीटर होती. १९०५ मध्ये कंपनीने आठ सिलिंडरची एक गाडी काढली. तिचं इंजिन असं बांधून ठेवलं होतं की ती कायद्याच्या मर्यादेपलीकडे धावूच नये. नावही तसंच ठेवलं, लीगलिमिट. आठ सिलिंडर वेगासाठी नव्हते, गाडी आवाज न करता चालावी म्हणून होते. विचार अगदी बरोबर होता. पण मोजून तीन गाड्या बनल्या आणि गिऱ्हाईक जवळजवळ मिळालंच नाही.

का बरं? गाडी घेणाऱ्याला २० च्या वर जायची परवानगी नव्हती, तरी जाता येतं हे त्याला हवं होतं. आज कुवेतमध्ये १२० च्या वर जाणारच नाही अशी गाडी कुणी आणली, तर शोरूममध्ये गर्दी होईल? तुम्हाला काय वाटतं, ते वहीत दोन ओळींत लिहा आणि मगच पुढे वाचा.

१९०६ च्या अखेरीस रॉइस यांनी सहा सिलिंडरची मोठी गाडी पुढे आणली. तिचं नाव कागदावर ४०/५०. त्यातल्या एका गाडीला चंदेरी रंग दिला होता आणि ती भुतासारखी आवाज न करता येई, म्हणून तिला सिल्व्हर घोस्ट म्हणू लागले. पुढे हेच नाव सगळ्याच ४०/५० गाड्यांना चिकटलं. इंजिन सात लिटरचं, म्हणजे आजच्या हिशोबाने अवाढव्य. आणि ताकद? ४८ अश्वशक्ती. आज भारतातल्या बहुतेक छोट्या पेट्रोल गाड्यासुद्धा त्याच्या वरच असतात.

पण हे ४८ घोडे कसे होते ते बघा. आजचं पेट्रोल इंजिन आपली पूर्ण ताकद मिनिटाला पाच-सहा हजार फेरे मारताना देतं. रॉइस यांचं इंजिन ती साधारण साडेबाराशे फेऱ्यांतच देई. म्हणजे घोडे थोडे, पण हाक मारताच उभे राहणारे. आपल्याकडचे ड्रायव्हर ज्याला ओढ म्हणतात, ती ही. गाडी हळू चालली आहे, समोर चढ आला, तरी गिअर बदलावा लागत नाही, इंजिन कुरकुरत नाही आणि आतल्या माणसाच्या हातातला चहा सांडत नाही. रोजच्या आरामगाडीला हीच ताकद उपयोगी पडते. कागदावरचा मोठा आकडा बहुतेक वेळा इंजिन किंचाळायला लागल्यावर मिळतो, आणि आरामगाडीत किंचाळणारं इंजिन कुणाला हवं?

१९०७ मध्ये सिल्व्हर घोस्ट लंडन ते ग्लासगो अशा फेऱ्या मारत १५,००० मैल पळवली. म्हणजे २४,००० किलोमीटर. देखरेखीला ब्रिटनचा मोटार क्लब होता. सुरुवातीला एकदा हादऱ्यांनी पेट्रोलचा नळ बंद झाला म्हणून गाडी थांबली. त्यानंतर १४,३७१ मैल बिघाडाने ती एकदाही अडली नाही. शेवटी गाडी सुटी करून झीज मोजली. पुन्हा नव्यासारखी करायला जे सामान लागलं त्याचा खर्च दोन पौंडांच्या जरा वर.

आणि १९०८ मध्ये हीच जात आपल्या घाटांत आली. पर्ल ऑफ द ईस्ट, म्हणजे पूर्वेचा मोती, या नावाची एक सिल्व्हर घोस्ट मुंबईला उतरवली आणि मुंबई–कोल्हापूर मोटार स्पर्धेत उतरली. ६२० मैल, जवळजवळ हजार किलोमीटर, वाटेत सहा घाट. तुम्ही सुट्टीत गावी जाताना घाटात ट्रकमागे अडकला असाल, तर त्या वळणांची कल्पना तुम्हाला आहेच. तेव्हा ते रस्ते खडीचे आणि धुळीचे होते. अशा चढांवर कितीतरी मोटारींचं पाणी उकळायचं आणि त्या वाटेत बसायच्या. मोती मात्र न अडता गेला आणि स्पर्धा जिंकला. पुढे ती गाडी ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी विकत घेतली. भारतातल्या राजेरजवाड्यांची रोल्स-रॉइसवर जी मर्जी बसली, तिच्या सुरुवातीला ही सहा घाटांची परीक्षा आहे.

तीन वर्षांनी आणखी एक परीक्षा झाली. लंडनहून एडिंबरा आणि परत, सुमारे ८०० मैल, सगळा प्रवास फक्त सगळ्यांत वरच्या गिअरमध्ये. स्कूटर शिकताना चौथ्या गिअरमध्ये उठवायला गेलं की ती आचके देऊन बंद पडते, हे तुमच्या काकाला नाहीतर मामाला विचारा. रॉइस यांची गाडी बंद पडली नाही. एका गॅलनमध्ये तिने २४ मैल काढले. आपल्या भाषेत ॲव्हरेज लिटरला साडेआठ. मग त्याच गाडीला धावपट्टीवर नेऊन पळवलं, तेव्हा ताशी ७८ मैल, म्हणजे १२६ किलोमीटर वेग मिळाला.

१२६! फहाहीलच्या रस्त्यावरची पाटी आठवा. आज कुवेतमध्ये कायद्याने जेवढ्या वेगाने जाता येतं, त्याहून थोडा जास्तच वेग १९११ साली साठच्या आसपास अश्वशक्तीच्या गाडीने गाठला होता. ती ४०९ ची लँड क्रूझर आणि ही, दोघी त्या पाटीखालून सारख्याच जातील.

पण आपण वकिली एकाच बाजूची करायला नको. ज्यांना जास्त घोडे हवेत, त्यांचंही ऐकू. आजच्या गाड्या जड आहेत. सुरक्षेसाठी दणकट पोलाद, हवेच्या पिशव्या, दोन-दोन एसी. मोठ्या गाडीचं वजन अडीच टनांवर जातं. कुवेतच्या उन्हाळ्यात पारा ५० ला टेकतो, गरम हवा विरळ असते, आणि विरळ हवेत इंजिनाची ताकद थोडी कमी होते. वर एसीही इंजिनातूनच आपला वाटा घेतो. शिवाय उतारावरून मोठ्या रस्त्याला लागताना मागून गाड्या भरधाव येत असतात, तेव्हा पटकन वेग घेता आला पाहिजे. तो सुरक्षेचा भाग आहे, हे मान्य.

मग ढोबळ हिशोब करून पाहू. सपाट रस्त्यावर १२० चा वेग नुसता टिकवायला साध्या गाडीला ३० च्या आसपास आणि मोठ्या चौकोनी गाडीला ५० च्या आसपास अश्वशक्ती पुरते. एसीचे चार-पाच घोडे धरा. अडीच टनांची गाडी ८० वरून १२० वर आठ सेकंदांत न्यायची असेल, तर सगळं मिळून पावणेदोनशे लागतील. उन्हाळ्यासाठी वर थोडे ठेवा, सव्वादोनशे म्हणा. त्यापुढचे घोडे काय करतात? वेग दुप्पट केला, तर हवा फोडायला आठपट ताकद लागते. म्हणजे वरचे दोनशे-तीनशे घोडे आणखी झटकन वेग घेण्यासाठी, नाहीतर अशा वेगासाठी आहेत, ज्या वेगाने जायला इथे बंदी आहे. आणि ते रोज पाठीवर वागवावे लागतात. मोठं इंजिन, मोठे ब्रेक, रुंद टायर, जास्त पेट्रोल. पेट्रोल इथे स्वस्त आहे म्हणून ते खिशाला जाणवत नाही, एवढंच.

रॉइस यांच्याकडे परत येऊ. १९१० मध्ये रोल्स यांचं विमान कोसळलं आणि बत्तिसाव्या वर्षी ते गेले. विमान अपघातात मेलेले ते पहिले ब्रिटिश वैमानिक. त्यानंतर लवकरच रॉइस स्वतः कोसळले. वर्षानुवर्षं न जेवता, न झोपता केलेल्या कामाने शरीर हटून बसलं. मोठी शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टरांनी काही महिन्यांचीच आशा दिली. ज्या माणसाने यंत्राचा एकही भाग त्याच्या सोसण्यापलीकडे ताणला नाही, त्याने स्वतःला मात्र असं ताणलं होतं.

ते पुढे वीस वर्षं जगले. एका परिचारिकेने त्यांची शुश्रूषा केली. हिवाळा दक्षिण फ्रान्समध्ये, बाकी दिवस इंग्लंडच्या समुद्रकाठी. कारखाना आता डर्बी शहरात होता, पण तिथे त्यांनी जवळजवळ पाऊलच टाकलं नाही. आराखडे काढणारी माणसं त्यांच्या घराजवळ येऊन राहत आणि नकाशे टपालाने डर्बीला जात. तुम्ही मराठीची शाळा घरी बसून करता ना? तसंच काहीसं, फक्त स्क्रीन नव्हता.

पहिल्या महायुद्धात सिल्व्हर घोस्टच्या सांगाड्यावर पोलादी पत्रे चढवून चिलखती गाड्या बनवल्या. अरबस्तानच्या वाळवंटात लॉरेन्स यांनी त्या वापरल्या. वाळूत मोठ्या वेगाचा उपयोग नसतो. तिथे चाक हळू पण नेटाने फिरावं लागतं, आणि त्या इंजिनाचा स्वभावच तो होता.

याच आजारी माणसाने विमानांची इंजिनंही बनवली. १९२८ च्या सुमारास समुद्रावर फिरताना त्यांनी हातातल्या काठीने वाळूत एका इंजिनाची आकृती काढली, असं सांगतात. त्यातून आर नावाचं इंजिन झालं. १९३१ मध्ये त्याने २,३५० अश्वशक्ती दिली. ते बसवलेल्या विमानाने ताशी ४०७ मैलांचा, म्हणजे ६५५ किलोमीटरचा विक्रम केला. मोटारीत घोड्यांची बडेजाव न करणाऱ्या माणसाने इथे मात्र हजारोंनी घोडे जुंपले, कारण शर्यतीच्या विमानाचं कामच वेग हे होतं. त्यासाठी किंमतही मोजली. ते इंजिन पूर्ण ताकदीवर तासभर टिकलं तरी खूप झालं, अशा बेताने बनवलं होतं. सिल्व्हर घोस्ट १५,००० मैल चालून दोन पौंडांत नवी झाली होती. ताकद कुठे खर्च करायची आणि कुठे राखायची, हे दोन्ही एकाच हाताने ठरवलं.

१९३० मध्ये त्यांना सर ही पदवी मिळाली. तरी ते स्वतःला मेकॅनिकच म्हणवत. २२ एप्रिल १९३३ रोजी वेस्ट विटरिंगच्या घरी ते वारले.

त्यांच्या मागे कंपनीने कित्येक वर्षं आपल्या गाड्यांची अश्वशक्ती छापलीच नाही. कुणी विचारलं तर ती पुरेशी आहे, एवढंच उत्तर मिळे. यात थोडा तोरा होता, हे खरं. आकडा न सांगणं ही सुद्धा जाहिरातच असते. पण आज त्याच नावाची कंपनी आकडा सांगते, आणि काही गाड्यांत तो ५६३ आहे. इतर गाड्यांची शर्यत लागली, तेव्हा ही गाडीही गुपचूप शर्यतीत उतरली.

एक गोष्ट मात्र तिने सांभाळली. इतर गाड्यांत इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा असतो. गेल्या वीस-बावीस वर्षांतल्या बहुतेक रोल्स-रॉइसमध्ये त्या जागी उरलेली ताकद दाखवणारा काटा आहे. गाडी रस्त्याला लागली की तो बहुतेक वेळ शंभराच्या जवळपासच उभा असतो, म्हणजे जवळजवळ सगळे घोडे रिकामे बसून आहेत.

आता तुमचं काम. घरच्या गाडीच्या पुस्तिकेतून तिची अश्वशक्ती शोधा आणि वहीत लिहा. मग वर दिलेल्या हिशोबातला तुमच्या गाडीला लागू पडणारा आकडा त्यातून वजा करा. जे घोडे उरतील, ते कोणत्या दिवशी, कोणत्या रस्त्यावर वापरले होते, ते बाबांना किंवा आईला विचारा आणि त्यांचं उत्तर पाच-सहा वाक्यांत, तुमच्या शब्दांत लिहून पुढच्या तासाला आणा.